पत्र्याची होडी, कोरडे पाय

होडी कुणाची, असं धरणावर कुणी नवीन माणसाने विचारलं की लोक अजूनही माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवतात. माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. तो विंचूरकडे कांद्याच्या रानात वाढलेला माणूस. घोटाभर पाण्यात उतरला तरी काठावरचं गवत धरून उभा राहतो. लग्नानंतर तो आमच्याकडे राहायला आला, एका द्राक्षबागेत कामाला लागला आणि धरणाकडे पाठ करून सुखाने जगतो आहे. त्या होडीचं एक वल्हंसुद्धा त्याने आजवर हातात धरलेलं नाही. तरी अभिनंदन त्याचंच होतं. सुरुवातीला मी एकेकाला थांबवून सांगायचे की होडी माझी आहे. आता सांगत नाही. होडीत बसते आणि निघून जाते. ज्याला डोळे आहेत त्याने बघावं.

होडी येण्याआधी आमच्या घरात ट्रकची ट्यूब होती. आमच्या धरणावर मासे धरणारी बहुतेक घरं ट्यूबवरच जगली. ट्यूब फुगवायची, मधल्या भोकावर फळी बांधायची, फळीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडायचे आणि हातांत लाकडाच्या दोन छोट्या फळ्या घेऊन पाणी मागे सारायचं. जाळं मांडीवर, माशांची पिशवी गळ्यात. संध्याकाळी जाळं टाकायचं, उजाडलं की उचलायचं. थंडीत अर्ध्या तासाने पाय आपले आहेत की शेजाऱ्याचे, ते कळत नाही. घरी येऊन चुलीपुढे बसलं की ते आपले असल्याचं कळतं, आणि मग नको वाटतं.

माझ्या बाने चाळीस वर्षं असे पाय पाण्यात घातले. मी वीस वर्षं त्याच्या मागे दुसऱ्या ट्यूबवर होते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. थोरलीला पाण्याचं वेड नव्हतं, मला होतं. बाने मला शिकवताना मुलगी म्हणून काही वेगळं शिकवलं नाही, आणि काही सोपंही केलं नाही.

आमच्या धरणात पाण्याचे पट्टे वाटलेले आहेत. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. धरण झालं तेव्हा ज्याचं रान ज्या पाण्याखाली गेलं, त्या घरचं जाळं त्याच पाण्यात पडणार, असं तेव्हाच्या माणसांनी ठरवून टाकलं. आमचं रान गेलं तिथे एक चिंच होती. तोडायची राहून गेली आणि उभीच्या उभी पाण्यात बुडाली. म्हणून आमच्या पट्ट्याला सगळे ‘चिंच’ म्हणतात. वरून बघितलं तर तिथे नुसतं पाणी आहे. खाली आमचा बांध आहे, विहीर आहे आणि पाण्यात मुरून दगड झालेली ती चिंच आहे. तिच्या आडोशाला मासा थांबतो, म्हणून तो पट्टा चांगला. आणि म्हणूनच सगळ्यांचा डोळा त्याच्यावर.

बाचे गुडघे गेले तेव्हा मी दोन हंगाम त्याच्या उठण्याबसण्यात अडकले. तेवढ्यात माझ्या चुलतभावाने चिंचेला जाळं टाकायला सुरुवात केली. ओस पडलेलं पाणी दुसऱ्याने वापरावं, यात वावगं काही नाही. बा उठून बसायला लागल्यावर मी पट्टा परत मागितला, तेव्हा मात्र त्याचा सूर बदलला. तो म्हणाला, आता पाणी होड्यांचं आहे, ट्यूबवाल्यांचं राहिलं नाही. त्याच्याकडे स्वतःची होडी होती. फार तर माझ्या होडीत जाळी सोडवायला ये, अर्धा वाटा देईन, असंही त्याने सुचवलं. माझ्या बापाच्या पाण्यावर, अर्ध्या वाट्याने. मी नाही म्हटलं, तेव्हा तो हसून म्हणाला, “मग होडी आण. होडी आणलीस की बोलू.”

त्याला वाटलं होतं की बोलणं तिथे संपलं. मी तिथून सुरू केलं. पुढची दोन वर्षं मी काठाकाठाने ट्यूबवर चिलापी, काठाला मिळणारा हलका मासा, धरत राहिले. पैसे कुठून आले असं कुणी विचारू नये. गाठीचे होते, कुणाचे नव्हते, एवढं पुरे.

होडी नाशिकला द्वारकेजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे करायला टाकली. त्याने आयुष्यात धान्याच्या कोठ्या, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या होत्या. होडी पहिलीच. मी वहीच्या कागदावर चित्र काढून नेलं होतं: बारा फूट लांब, तळ सपाट, दोन पाट, पाटांखाली थर्माकोल भरायला बंद खण. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, म्हणजे आडवी कोठीच की. मी म्हटलं, तसंच समजा, फक्त झाकण नको. माणूस कामाचा पक्का निघाला. होडी तयार झाल्यावर त्याने तिच्यात पाइपने काठोकाठ पाणी भरलं आणि आम्ही सगळे ओणवे होऊन तिच्या खाली बघत बसलो. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचं आत जाणार नाही, हा त्याचा हिशेब. एक थेंब पडला नाही. मला तेव्हाच नाचावंसं वाटलं होतं.

मग मी तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि बघते तर पेंटरने लाल अक्षरात ‘मालक’ लिहून पुढे माझ्या नवऱ्याचं नाव टाकलेलं. मी चहाला गेले असताना त्याने नवऱ्याला नाव विचारलं, नवऱ्याने आपलं सांगितलं. त्याला वाटलं पावतीसाठी हवंय. नवरा ओशाळून उभा राहिला. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, राहू द्या बाई, घरातलंच नाव आहे, नाव गड्याचंच बरं दिसतं. मी त्याच्याकडून पॉलिशपेपर मागून घेतला आणि भर दुपारी तिथे बसून ते नाव घासून काढलं. रंग ओला होता, हात कोपरापर्यंत लाल झाले. मग पेंटरला माझं नाव लिहायला लावलं, बापाच्या नावासकट. ‘मालक’चं ‘मालकीण’ करू का, असं त्याने विचारलं नाही, आणि मीही करायला सांगितलं नाही. मालक ते मालक.

पिकअपवर होडी उलटी बांधून निघालो आणि द्वारकेच्या चौकात अडकलो. पाऊण तास तिथेच. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, काय ताई, गोदावरीला पूर येणार आहे का? मी म्हटलं, आला तर तुम्हाला घेणार नाही. बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. त्या दिवशी त्या गर्दीतून माझी होडी चालली होती आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी ताठ बसले होते. एवढ्या ऐटीत मी माझ्या लग्नातसुद्धा बसले नव्हते.

नवी होडी पाण्यात घालायची आमची एक रीत आहे. मालकाने नारळ फोडायचा, उजवा पाय आत टाकायचा आणि एकट्याने वल्हवत इतकं लांब जायचं की काठावरची हाक ऐकू येऊ नये. तिथे ओंजळभर पाणी होडीत शिंपडायचं आणि परत यायचं. बरोबर कुणी बसत नाही. काठावर दहा-पंधरा माणसं जमली होती. चुलतभावाने नारळ घेतला आणि अगदी सहज माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. नवऱ्याने नारळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

“फोडतो मी,” तो म्हणाला, “पण मंग बसावं बी मलाच लागंल. मला नाय पोहता येत. हिची होडी हाय, हिला द्या.”

माणसं हसली, तोही हसला. असं चारचौघांत हसू करून घ्यायला धाडस लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी नारळ फोडला आणि गेले. हाक ऐकू येईनाशी होईपर्यंत गेले, आणि त्याच्याही पुढे गेले.

काय सांगू त्या पहिल्या दोन दिवसांचं. मी होडीत उभी राहिले. पाण्याच्या मधोमध उभं राहता येतं, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. भाकरी कोरडी राहत होती. चहाचा थर्मास पायाशी उभा राहत होता. मासा जाळ्यातून सोडवून तळात टाकला की पत्र्यावर ताडताड वाजायचा, आणि मी एकटीच हसायचे. आणि पाय. पहिल्या सकाळी काठावर उतरले तेव्हा माझे दोन्ही पाय कोरडे होते. चपला घालून गेले आणि चपला घालून आले. घरी जाऊन मी बाला पाय दाखवले. त्याने खाटेवरून वाकून बघितले, अंगठा दाबून बघितला आणि म्हणाला, ऊन हायेत की. मग दिवसभर खुशीत होता.

चिंचेला मी पहिल्याच संध्याकाळी जाळं टाकलं होतं. चुलतभावाने आपलं काढलं नव्हतं. त्याच्या बाटल्या तशाच तरंगत होत्या. आमच्याकडे जाळ्याला बोयरे म्हणून रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बांधतात, त्याच्या हिरव्या, माझ्या पांढऱ्या. दोघं एका पाण्यात, एकमेकांशी न बोलता.

तिसऱ्या सकाळी घात झाला. संक्रांत होऊन गेली होती, पाणी उतरायला लागलं होतं, आणि चिंचेचा शेंडा पाण्याखाली वीतभरावर आला असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं मी त्या झाडाला वळसा घालत आले होते. डोळे मिटून जाईन, असं मी कितीदा म्हटलं असेल. त्या दिवशी जाळं ओढत ओढत मी ऐटीत पुढे गेले आणि खालून खर्रकन आवाज आला. होडी जागच्या जागी थांबली, तिरकी झाली आणि पुढच्या कोपऱ्यातून पाणी आत यायला लागलं. वेल्डिंगचा सांधा वीतभर उसवला होता.

का चुकलं, ते मला त्याच क्षणी कळलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. ट्यूबवर पाय पाण्यात असतात. झाडाजवळ आलं की फांदी आधी पायाला लागते आणि आपण वळतो. वळलो हे कळतही नाही. मला वाटायचं चिंच मला ठाऊक आहे. ठाऊक होती ती माझ्या तळपायांना, आणि ते पाय मी चपला घालून आत ठेवले होते. जन्मभर होडीत बसलेल्या माणसाने अशी चूक केली नसती. त्याने काठावरच्या खुणा धरल्या असत्या. ही चूक फक्त ट्यूबवाल्याची.

मी कमरेचा टॉवेल भेगेत कोंबला, मागच्या पाटाच्याही मागे होडीच्या कडेवर जाऊन बसले, म्हणजे पुढचा कोपरा वर उचलला गेला. अर्धं जाळं पाण्यात होतं. ते सोडलं असतं तर लवकर पोहोचले असते. सोडलं नाही. जाळं पायाखाली दाबून चार वल्ही मारायची, मग डब्याने पाणी उपसायचं, असं करत काठाला आले तेव्हा होडीत घोटाभर पाणी होतं आणि त्यात दोन रोहू मजेत पोहत होते.

लोक हसणारच. मीही हसले असते, दुसऱ्याची होडी असती तर. चुलतभाऊ हसला नाही, हे मात्र मला जास्त लागलं. त्याने खाली बसून सांधा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की होडी हिची, मान्य आहे, पण होडी घेतली म्हणजे ती चालवता येते असं नाही. कुणा गड्याला बसव, नाहीतर पट्टा मला राहू दे. उगाच जिवाला काही झालं तर बोल आम्हाला लागेल.

काठावरचे सगळ्यांत म्हातारे काका, ज्यांचा शब्द चालतो, ते खडकावर बसून ऐकत होते. पट्टे वाटले तेव्हाच्या माणसांतले तेवढे एकच उरलेत. मी त्यांच्याकडे वळले आणि विचारलं की चिंच आमच्या रानातली आहे का नाही. त्यांनी मान हलवली, आहे. मग विडी खडकावर विझवून ते म्हणाले, “एका पाण्यात दोन जाळी नकोत. दोघंबी आज सांजला जाळं टाका. उद्या उजाडल्यावर इथनंच निघा. जो आधी चिंचेला जाऊन जाळं उचलंल, त्याचा पट्टा. पुन्हा तंटा नाय पायजे.”

उद्या. आणि माझी होडी वीतभर फाटलेली.

घरी आले तेव्हा बाला सगळं आधीच कळलं होतं. आमच्या वस्तीत बातमीला होडी लागत नाही. त्याने कोनाड्यातून सोल्युशनची ट्यूब आणि कानस काढली. मग परसात टांगलेली त्याची जुनी ट्रकची ट्यूब खाली घ्यायला लावली आणि कात्रीने तिचा हातभर तुकडा कापला. मी नको नको म्हणत होते. तो म्हणाला, पंक्चर काढायचं मला शिकवू नको. चार पोरांनी होडी उचलून परसात आणली, नवऱ्याने सांधा ठोकून बसवला, बाने पत्रा घासून रबर चिकटवलं, वरून पत्र्याची पट्टी, कडेने कढवलेलं डांबर. संध्याकाळी मी पाण्यात घातली तेव्हा ठिगळ काळंकुट्ट दिसत होतं. गळलं नाही. मी जाळं टाकून आले.

सकाळी निघताना बा काठी घेऊन दारात उभा. मी येणार, म्हणाला. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, होडीत बसायला गुडघे कशाला लागतात. नवऱ्याने त्याला पाठुंगळी मारून काठापर्यंत आणलं आणि पुढच्या पाटावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा बा होडीत बसला.

चुलतभाऊ आपल्या होडीत तयार होता. बाला बघून म्हातारे काका खूश झाले. म्हणाले, हां, आता ठीक, गडी माणूस आला बरोबर. मला काय झालं कोण जाणे. मोठ्या माणसाला मी कधी उलटून बोलत नाही.

“बा सवारी हाय, काका,” मी म्हटलं. “वल्ही माझ्या हातात हायेत.”

चुलतभावाची होडी हलकी, हात दणकट. अर्ध्या वाटेपर्यंत तो माझ्या पुढे होता. चिंच जवळ आली तसा तो डावीकडे सरकायला लागला, आणि मला हसू फुटलं. चार वर्षं तो माझ्या बापाच्या पाण्यावर मासे धरत होता, आणि चिंच नेमकी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो लांबून, भला मोठा वळसा घालून जात होता. होडीतून माणसाला एवढंच जमतं.

मी चपला काढल्या. मागच्या पाटाच्या कडेला सरकले आणि डावा पाय बाहेर पाण्यात सोडला. गार पाण्याने शिरशिरी आली. मग मी सरळ गेले, झाडावरच. हळू, पण सरळ. बाने मागे वळून माझ्या पायाकडे बघितलं, काठी खाली ठेवली आणि आपलाही एक पाय बाहेर सोडला.

फांदी आधी त्याला लागली, मग मला. “लागली?” त्याने विचारलं. मी म्हटलं, लागली. एवढंच. मी वल्हं उलटं मारलं, फांदीला घासून होडी दोन फांद्यांच्या मधून आत गेली, जिथे फक्त आमच्या ट्यूबा जायच्या, आणि पलीकडे माझ्या पांढऱ्या बाटल्या होत्या. चुलतभाऊ वळसा पुरा करून आला तोवर माझं निम्मं जाळं होडीत आलं होतं. कटला, रोहू, पत्र्यावर ताडताड. त्याने बघितलं. मग आपल्या हिरव्या बाटल्यांकडे गेला आणि जाळं गोळा करायला लागला, पुन्हा तिथे न टाकण्यासाठी. जाताना त्याने बाला रामराम केला. मला केला नाही. माझं काही अडलं नाही.

परत येताना बा आपले पाय बघत बसला होता. डावा ओला, निळसर, सुरकुतलेला. उजवा होडीत होता. त्याने उजव्या पायावरून हात फिरवला, दोनदा फिरवला आणि म्हणाला, “हा कोरडाच राहिला की गं.” चाळीस वर्षांनी. मला रडू आलं. वल्ही सोडता येत नव्हती, म्हणून तसंच गळू दिलं.

काठावर काका खडकावरून उठून पुढे आले. तळातले मासे बघितले, काळं ठिगळ बघितलं, होडीवर थाप मारली आणि बाला म्हणाले, होडी झकास केलीस रे.

“माझी नाय,” बा म्हणाला. “मी सवारी हाय. तिला सांगा.”

काका माझ्याकडे वळले. सांगायला त्यांना जरा वेळ लागला. मी थांबले.